भातकुलीच्या वावरातला जनुक

माहेरच्या लग्नकार्यात नव्या पाहुण्यांशी माझी ओळख करून देताना कोणीतरी हमखास म्हणतं, "ह्या आमच्या बुरशीवाल्या आत्या." पाहुणे हसतात, पण जरा मागे सरकूनच. बुरशी म्हटलं की लोकांना लोणच्यावरचा पांढरा थर आठवतो, नाहीतर पावसाळ्यात चपलेवर येणारी हिरवी लव. आमच्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला आठवतो तो हरभऱ्यावरचा मर रोग. आज हिरवंगार दिसणारं झाड चार दिवसांत मान टाकतं आणि उपटून पाहिलं तर आतून काळं निघतं. तीही बुरशीच. त्यामुळे अकोल्याच्या आमच्या प्रयोगशाळेत मी सारी नोकरी बुरशीला झाडाच्या मुळात शिरवण्यात घालवली असं सांगितलं, की ऐकणारा माझ्याकडे संशयानं बघतो.

म्हणून आधी एवढं सांगून टाकते. मातीत एक निराळी, सज्जन बुरशी राहते. तिला मुळाशिवाय जगता येत नाही. काचेच्या बशीत वाढवायला गेलात तर ती वाढत नाही, तिला जिवंत झाडच लागतं. आम्ही तिला ज्वारीच्या मुळांवर कुंडीत सांभाळायचो. ती मुळाच्या आत शिरते, आणि तिचे केसाहून बारीक धागे बाहेर मातीत लांबवर पसरतात. जिथे मूळ पोचत नाही तिथलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ते धागे ओढून आणतात. मुळाच्या एकेका पेशीत ही बुरशी इवल्याशा झाडासारखी फांद्या फोडते. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मला खरंच वाटलं होतं की कोणीतरी पेशीत बाभळीचं चित्र काढलंय. त्या फांद्यांमधूनच देवघेव होते. बुरशी स्फुरद देते, झाड खाऊ घालतं.

पण झाड तिला आत कसं घेतं? मर रोगाच्या बुरशीला जे दार लावतं तेच झाड हिच्यासाठी दार उघडतं, तर त्याच्या पेशीत ही व्यवस्था कुठे लिहिलेली आहे? पेशीतल्या प्रत्येक कामाची एक कृती असते. तिला जनुक म्हणतात. हरभऱ्याच्या हजारो जनुकांपैकी ह्या कामाचे कोणते, हे शोधणं हा माझा धंदा. शोधायची रीत ऐकायला आडदांड आहे. बियाण्यावर किरणांचा मारा करून घ्यायचा, म्हणजे कुठली ना कुठली कृती फाटते. मग त्या बियाण्याच्या पुढच्या पिढीत असं झाड शोधायचं, ज्याला बाकी सगळं जमतं पण बुरशीशी घर करता येत नाही. ते सापडलं की त्याच्यात काय फाटलंय ते बघायचं.

आम्ही हरभऱ्याचं बियाणं मुंबईला अणुसंशोधन केंद्रात पाठवून किरण मारून आणलं, एक पिढी वाढवली, आणि मग अडलो. अडलो ते जमिनीपाशी. आमच्या प्रक्षेत्रावर, म्हणजे संशोधनाच्या शेतावर, वर्षानुवर्षं सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचं खत पडत आलेलं. ज्या झाडाला स्फुरद आयतं मिळतं ते बुरशीला विचारतच नाही. भरल्या पोटाच्या जमिनीत आमचं अडाणी झाड आणि शहाणं झाड सारखंच दिसणार. म्हणजे मला हवी होती खत न पडलेली जमीन, आणि आजच्या काळात ती मिळणं मुश्कील. जिथे विचारावं तिथला शेतकरी अभिमानानं सांगायचा की आम्ही खताला कमी पडू देत नाही.

शेवटी बडनेऱ्याच्या एका ओळखीतून शामरावकाका भेटले. रेल्वेत मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले, उंच, आवाज मोठा. त्यांचं भातकुलीजवळ वडिलोपार्जित वावर होतं, खारपाणपट्ट्यातलं. म्हणजे विहिरीचं पाणी खारट, ओलीत नाही, पावसाच्या ओलीवर रब्बीत जे होईल ते. नोकरीच्या काळात त्यांना शेतीकडे बघायला फुरसत नव्हती, त्यामुळे खत टाकायचा प्रश्नच आला नाही. मी हे ऐकून इतकी खूश झाले की त्यांना ते चमत्कारिक वाटलं.

"मॅडम, लोक माह्या वावराले नावं ठेवतात," ते म्हणाले, "तुमी पयल्या भेटून राहिल्या ज्याईले थे आवडलं."

मी त्यांना कामाची कल्पना दिली. बुरशीचं नाव काढल्यावर त्यांच्या पत्नी सुमनकाकू चहाचे कप घेऊन आल्या होत्या त्या तशाच थांबल्या. मी पुन्हा पुन्हा सांगितलं की मी कुठलीही बुरशी आणून टाकणार नाही, जी आहे ती त्यांच्या मातीत आधीपासूनच आहे. काका पटकन तयार झाले. काकूंच्या चेहऱ्यावरून त्यांना पटलेलं दिसलं नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही पेरणी केली. किरण मारलेल्या प्रत्येक झाडाच्या बियांची एक ओळ. माझ्याबरोबर नुसरत होती. ती अकोल्याचीच. माझ्याकडे पीएच.डी.ला आली होती आणि तिच्या हाताला जे कसब होतं ते मी पुढे कोणात पाहिलं नाही. आम्ही दोघी आठवड्यातून एकदा अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला उतरायचो आणि तिथून काकांच्या जीपनं वावरात जायचो. हरभऱ्याच्या पानावरची आंब हाताला चरचरायची, ओढणीच्या कडा खाऊन टाकायची.

किरण मारलेलं शेत बघवत नाही. कुठे झाड आखूड, कुठे पान गुंडाळलेलं, कुठे पांढुरकं, कुठे उगवलंच नाही. त्यातून आम्हाला 'उपाशी' झाडं वेचायची होती. महिनाभरात शेजारच्या वावरवाल्यांमध्ये कुजबुज सुरू झाली की अकोल्याच्या बाया बुरशी लावून राहिल्या, म्हणून हरभरा असा झाला. एके दिवशी दोघं-तिघं धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, येऊन उभे राहिले. त्यांचं म्हणणं साधं होतं. मर आमच्या वावरात आली तर जबाबदार कोण? मी समजावलं, उपटून मुळं चिरून दाखवली की आत काळं नाही. ते ऐकून गेले, पण माझ्या तोंडाकडे ज्या नजरेनं बघत होते ती मला आजही आठवते. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

त्यानंतरच्या आठवड्यात माझी परिषद होती आणि नुसरत तापानं पडली होती. दोन खेपा चुकल्या. पुढच्या वेळी वावरात पाऊल टाकलं तेव्हा काहीतरी बदललेलं होतं. ज्या खुरट्या झाडांवर मी खुणेच्या काड्या लावून ठेवल्या होत्या, त्यांच्या बुडाशी पांढुरका थर दिसत होता. मी वाकून माती चिमटीत घेतली. सुपर होतं.

मी काकांना विचारलं. त्यांना काही माहीत नव्हतं. सुमनकाकू मागे उभ्या होत्या. त्याच म्हणाल्या की मीच दिलं. शेजारणीकडे तुरीचं सुपर उरलं होतं, ते पाण्यात भिजवून तांब्यातांब्यानं प्रत्येक रोगट झाडाला घातलं. गावातले लोक म्हणत होते बाईनं हरभरा मारला, म्हणून त्यांना वाटलं, जी मरून राहिली ती तरी सुधरवावी. म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही.

"तुमच्यासाठीच केलं बाई," त्या म्हणाल्या. "तुमी इतक्या लांबून येता."

मला रडू आलं. रागाचंच. अख्खा हंगाम खत न पडलेली जमीन शोधण्यात गेला होता आणि नेमक्या माझ्या झाडांना स्फुरद मिळालं होतं. मी ओळीतून चालत सुटले. नुसरत माझ्या मागे होती. थोड्या वेळानं तिनं मला हाक मारली. आवाजात काहीतरी होतं म्हणून मी वळले.

ती एका ओळीपाशी उकिडवी बसली होती. "मॅडम, हे बघा," ती म्हणाली. "बाकीची आहेत तशीच आहेत. ही उठली."

मी बघितलं. काकूंनी शेतातल्या सगळ्याच आजारी झाडांना सारखं पाणी घातलं होतं. त्यातली बहुतेक पूर्वीइतकीच दीनवाणी होती, कारण त्यांचं दुखणं वेगळं होतं, किरणांनी त्यांचं भलतंच काहीतरी फाडलं होतं. पण ह्या एका ओळीतली काही झाडं, जी मागच्या खेपेला जांभळट पडून बोटभर राहिली होती, ती आता टवटवीत होती, नवी पानं गडद. म्हणजे त्यांना दुसरं काहीच झालेलं नव्हतं. त्यांना फक्त स्फुरद मिळत नव्हतं, आणि तांब्याभर मिळताच ती उभी राहिली. शंभर तपासण्या करून मी जे वेगळं काढलं असतं ते काकूंच्या दयेनं वेगळं काढून ठेवलं होतं. त्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं आणि मलाही ते आधी सुचलं नव्हतं. नशीब म्हणतात ते हेच असावं. पण ते ओळखायला नुसरतचे डोळे तिथे होते, हेही लिहून ठेवते.

मी परत काकूंकडे गेले आणि त्यांचे हात धरले. त्यांना वाटलं मी अजून रागावलेली आहे.

त्या ओळीचं बियाणं घेऊन आम्ही अकोल्याला आलो आणि कुंड्यांमध्ये, खत न घालता, बुरशीच्या सोबतीनं वाढवलं. मूळ बघायची पद्धत अशी: मूळ अल्कलीत उकळून पारदर्शक करायचं, मग रंगवायचं, की आतली बुरशी निळी दिसते. नेमका रंग संपलेला आणि मागवलेला येईना. नुसरतनं वाचलं होतं की फाउंटन पेनची शाई आणि व्हिनेगर वापरूनही जमतं, पण सगळ्या शाया चालत नाहीत. मी टिळक रोडकडच्या एका स्टेशनरीवाल्याकडून एकेक प्रकारची शाई नेऊ लागले. चौथ्या-पाचव्या खेपेला त्यानं आदरानं विचारलं की मॅडम कादंबरी लिहून राहिल्या का. मी म्हटलं, मूळ रंगवते. त्यानं पुढची बाटली बांधून दिली. शेवटी एक काळी शाई लागू पडली; बुरशीवर ती निळसर उतरायची.

निरोगी हरभऱ्याच्या मुळात पेशीपेशीत ती निळसर झाडं दाट फुललेली होती. आमच्या ओळीच्या मुळात बुरशी शिरलेली होती, धागे आत पसरले होते, पेशीत पाऊलही टाकलं होतं. पण फांद्या खुंटलेल्या. जणू चार पानं फुटली आणि रोप वाळलं. दार उघडलं गेलं होतं, पाहुणा आतही आला होता, आणि तरी काहीतरी बिनसलं होतं.

पुढची वर्षं हे 'काहीतरी' शोधण्यात गेली. आजारी झाडाचा निरोगी झाडाशी संकर केला. नातवंडांत चारात एक आजारी निघालं, म्हणजे दोष एकाच जनुकाचा होता. मग आजारी नातवंडांची पेशीतली सगळी लिखावट वाचून घेतली आणि नुसरत संगणकासमोर बसली. किरणांनी बऱ्याच ठिकाणी तुकडे उडवले होते. सगळ्या आजारी झाडांत सारखेच गहाळ असलेले तुकडे बाजूला काढत काढत ती मोजक्या तीन-चारांवर आली.

आणि अशात ती एके सकाळी छापील कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि तो समोर ठेवून उभी राहिली. परदेशात एका रानटी गवतवजा वेलीच्या मुळात बुरशीचं असंच खुंटलेलं झाड सापडलं होतं आणि त्यांनी जनुकही ओळखला होता. त्या जनुकाचं काम काय, तर बुरशीला स्निग्धांश पोचवणं. ही बुरशी स्वतः तेल-तूप बनवू शकत नाही. झाडच तिला ते वाढून देतं. तो जनुक बिघडला की पाहुण्याच्या ताटात काही पडत नाही, आणि तो उठून जातो. आमच्या तीन-चार तुकड्यांपैकी एक त्याच जनुकाच्या तोंडवळ्याचा होता.

मला एकाच वेळी आनंदही झाला आणि वाईटही वाटलं. आमचं उत्तर बरोबर होतं, पण आधी दुसऱ्यांनी देऊन टाकलं होतं. आढावा बैठकीत वरिष्ठांनी विचारलं की आता यात नवीन काय उरलं, आणि शेतकऱ्याला याचा उपयोग काय. दोन्ही प्रश्न रास्त होते. मी उभी राहिले आणि जे खरं वाटत होतं ते सांगितलं. त्या वेलीवर कोणाचं पोट चालत नाही, हरभऱ्यावर आपल्या भागाचं चालतं, आणि हरभऱ्यात हा जनुक तेच काम करतो हे अजून कोणीही दाखवलेलं नाही. आपण नवे वाण खत भरलेल्या प्रक्षेत्रावर निवडतो. तिथे हा जनुक अधू झाला तरी आपल्याला कळणार नाही, कळेल ते खारपाणपट्ट्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला. हा जनुक कुठे आहे हे माहीत असेल तर निदान वाण बाहेर सोडताना तपासता येईल. त्यांनी ऐकून घेतलं आणि काम चालू ठेवा म्हणाले.

पण सिद्ध करायचं म्हणजे शाबूत जनुक आजारी झाडात परत घालायचा आणि ते बरं होतं का ते बघायचं. रोपाचं मूळ कापून त्या जागी एका जीवाणूकरवी नवी मुळं फोडायची, ज्यांच्यात तो जनुक असतो. वरचं झाड आजारीच, मुळं तेवढी दुरुस्त. हरभरा ह्या बाबतीत भयंकर हट्टी आहे. रोपं सडायची. अकोल्याच्या उन्हाळ्यात वीज गेली की खोलीतला गारवा जायचा आणि आठवड्यांची मेहनत दुपारी कोमेजून पडायची. नुसरतचं लग्न ठरलं, झालं, सासर अमरावतीत. ती रोज येऊन-जाऊन करत राहिली. मी एकदा तिला म्हटलं की प्रबंधापुरतं झालंय, थांबलीस तरी चालेल. ती म्हणाली, "मॅडम, माह्या अब्बांनी विचारलं तर काय सांगू? जवळपास सापडलं?"

मुळं लागली तो हिवाळा होता. नुसरतनं मुळं रंगवली, काचेवर ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाशी आधी मला बसवलं. ती काच कुठल्या झाडाची हे तिनं मुद्दाम सांगितलं नाही. मी बघितलं. फांद्या, फांद्यांना फांद्या, पेशी भरून. मी म्हटलं, ही निरोगी झाडाची आहे. ती म्हणाली, नाही, आपल्या दुरुस्त केलेल्याची. मग दुसरी काच लावली, ज्यात जीवाणू गेला होता पण जनुक नव्हता. तिथे तीच खुंटलेली रोपटी. आम्ही दोघी आळीपाळीनं कितीतरी वेळ बघत राहिलो. दाराशी आलेल्या सहकाऱ्याला वाटलं आमचं भांडण झालंय, कारण दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं.

आमचा निबंध छापून आला. जगानं टाळ्या पिटल्या नाहीत. आमचा नंबर दुसरा होता आणि दुसऱ्याला कोणी हार घालत नाही, ही रुखरुख मला आहे, खोटं कशाला बोलू. शिवाय माझ्या नोकरीत ह्या जनुकाच्या जोरावर एखादा वाण बाहेर पडला नाही. पण हरभऱ्यातला हा जनुक कुठे आहे, काय करतो, हे आता कोणालाही उघडून बघता येतं, आणि नुसरत आज तिच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत वाण तपासते ते त्याच्याच आधारानं. हे काम आम्ही अकोल्यात बसून केलं. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

निबंध आल्यावर आम्ही काका-काकूंना अकोल्याला बोलावलं. काकूंना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. आधी निरोगी मूळ दाखवलं, मग आजारी. त्यांनी डोळा लावून बराच वेळ बघितलं. बुरशी आत येते पण झाड तिला जेवू घालत नाही, हे मी सांगत होते. त्यांनी मान वर केली.

"मंग दोष बुरशीचा नाईच," त्या म्हणाल्या. "घरच्याचा हाय."

काका शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडून 'जनुक' हा शब्द दोनदा म्हणवून घेतला आणि पुटपुटत घोकला. कशासाठी ते मला तेव्हा समजलं नाही.

निवृत्त झाल्यावर गेल्या हिवाळ्यात मी भातकुलीला गेले. काकांनी जीप वावराशी थांबवली. धुऱ्यावर दोन लोखंडी खांब रोवून पत्र्याची पाटी लावली होती, स्टेशनवर असते तशीच, पिवळ्यावर काळी अक्षरं. वर गावाचं नाव, आणि खाली: 'बुरशीले जेऊ घालनारा जनूक याच वावरात सापडला.' रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. काका हात मागे बांधून उभे होते.

"बराबर लिवलं ना, मॅडम?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा एकदा पूर्ण वाचलं.

"अगदी बरोबर," मी म्हटलं.